आशियातील मोठे कृंतक : वर्गीकरणाचा एक प्रश्न

शेकरू, साळिंदर व घूस हे सह्याद्रीत आढळणारे तीन मोठे कृंतक होत. परंतु आकारमान हा वर्गीकरणाचा आधार नव्हे. १८५५ मध्ये ब्रांट याने कृंतकांचे तीन विभाग पाडले ते चर्वणस्नायूंच्या मांडणीवरून. साळिंदरात या स्नायूचा आतील भाग डोळ्याखालील विस्तीर्ण छिद्रातून मुस्कटापर्यंत पोहोचतो. शेकरूत छिद्र लहान असून बाहेरील भागच डोळ्यापुढे सरकलेला असतो. घुशीत दोन्ही लक्षणे एकत्र दिसतात.

योजना सुटसुटीत खरी. किंबहुना वाजवीपेक्षा अधिक. लाओसच्या चुनखडीच्या डोंगरांतील, घुशीएवढा ‘खा-न्यू’ स्थानिक बाजारात मांसासाठी विकला जात असे. २००५ मध्ये त्याचे ‘लाओनॅस्टीस’ या नावाने शास्त्रीय वर्णन झाले आणि स्वतंत्र कुल कल्पून त्यास साळिंदराच्या गटात स्थान देण्यात आले. डोळ्याखालील छिद्र विस्तीर्णच होते! २००६ मध्ये मेरी डॉसन व सहकाऱ्यांनी त्याचा खालचा जबडा व दाढा जीवाश्मांशी ताडून पाहिल्या, तेव्हा तो डायाटोमायिडी कुलातील ठरला. हे कुल सुमारे १.१ कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाले, अशी तोवर समजूत होती. त्याचे निकटतम हयात आप्त म्हणजे आफ्रिकेतील गुंडी, असे २००७ मधील रेणवीय अभ्यासातून दिसून आले.