अकरा वाजून साठ मिनिटं

निमित्त झालं एका फ्लेक्सचं. एस.टी. थांब्याजवळ, कुणा भावी सरपंचाच्या वाढदिवसाला खेटून, गावच्या जिल्हा परिषद शाळेतली पाच पोरं झळकत होती. गळ्यात हार, वर 'शिष्यवृत्तीधारक', खाली नाव आणि गुण. संपादकांनी कुणीतरी पाठवलेला फोटो पाहिला आणि म्हणाले, "इथं नेमकं काय शिजतं ते बघून या."

शिजायला सुरुवात होते सकाळी सव्वाआठला. शाळा साडेदहाची, त्याआधी जादा तास. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातली ही इमारत. खोलीत सतरंजीवर पाचवीची अकरा मुलं. गुरुजींनी फळ्यावर घड्याळ काढलं, तीन वाजून चाळीस मिनिटांचं. "आरशात किती दिसतील?"

"आठ वीस!" मी अजून मनातल्या मनात काटे फिरवत होतो.

युक्ती जुनी आहे. दिलेली वेळ ११:६० मधून वजा करायची, झालं उत्तर. महाराष्ट्रभर जादा तासांना ती अशीच घोकली जाते. पण कडेला बसलेल्या एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, अकरा साठ कधी वाजतात?" सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, शेजारच्या घरातून आरसा मागवला आणि दोन्ही तिच्या पुढ्यात ठेवलं. मुलगी मागची किल्ली फिरवत आरशात बघत राहिली. सव्वादोनला पावणेदहा, पाचला सात. बऱ्याच वेळानं म्हणाली, "दोन्ही मिळून बाराच होतायत की."

त्यात पंधरा मिनिटं गेली. सराव पेपर अर्धाच झाला. घड्याळ परत खिळ्याला अडकवत गुरुजी मला म्हणाले, "समजून काढा नाहीतर घोकून काढा, उत्तरपत्रिकेवर गोल तोच रंगवायचा. तपासणाऱ्या यंत्राला काय कळतंय?"

परीक्षेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासूनची. ती घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. आपल्यापैकी पुष्कळांनी ती चौथीत दिली. २०१६-१७ पासून ती पाचवीला आणि आठवीला गेली. पाचवीचे दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. पात्र ठरायला प्रत्येक पेपरात ४० टक्के, म्हणजे तीस उत्तरं बरोबर हवीत. डोळे मिटून गोल रंगवले तरी चारातला एक या हिशेबानं एकोणीसेक लागतात. म्हणजे नशीब आणि पात्रता यांत अंतर अकरा प्रश्नांचं. चुकल्याला गुण कापत नाहीत, त्यामुळे रिकामा गोल सोडणं हा इथला एकमेव गुन्हा.

मला मात्र खिळवून ठेवलं ते त्या गोलांनीच. दहा वर्षांचं पोर आयुष्यात पहिल्यांदा खोडरबर नसलेल्या जगात जातं: बॉलपेन, निळं किंवा काळं, आणि एकदा रंगवलं की बदल नाही. गुरुजींनी उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात, आठवड्याला एक. शिकवतात काय, तर पेन टेकवून बाहेरून आत फिरवायचं, दाबायचं नाही, कागद फाटतो. डाव्या हाताचं बोट प्रश्नाच्या आकड्यावर, उजवं ओळीवर. दर पाच प्रश्नांनी थांबून दोन्ही आकडे मोठ्यानं म्हणायचे, परीक्षेत मनात. हे थांबणं एका जुन्या जखमेतून आलंय. मागे एका हुशार मुलीनं तेविसावा प्रश्न नंतर बघू म्हणून सोडला आणि चोविसाव्याचं उत्तर तेविसाव्याच्या ओळीत रंगवलं. लक्षात आलं तेव्हा चाळिसावा चालू होता. सगळी उत्तरं येत होती, फक्त एक ओळ वर सरकलेली. "ती रडली नाही," गुरुजी म्हणाले. "मीच घरी जाऊन जेवलो नाही."

अशा माणसाविषयी कौतुकाचं लिहिणं सोपं आहे, आणि मी तेच लिहायला बसलो होतो. पण पाचवीचा पट सव्वीस आहे. सतरंजीवर अकरा. उरलेल्या पंधरांचं काय, हे विचारल्यावर गुरुजींनी कपाटातून दुसरी वही काढली. तिच्यात नावांपुढे पाचच शेरे: प्रारंभ, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीतली ही उतरंड. ती चाचणी घरोघरी जाऊन, एकेका मुलाच्या शेजारी बसून, तोंडी घेतात. त्यात गोल नाही, अंदाजाला जागा नाही. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. गुरुजींच्या वहीत सहाजण अजून 'शब्द'वर होते. त्यांच्यासाठी चारनंतरचा तास ठरलेला असतो. तो मतदार यादीचं काम, ऑनलाइन माहिती आणि तालुक्याच्या बैठका यांत बुडतो. सकाळचा तास बुडत नाही. बुडाला तर पालक दारात येतात, आणि फ्लेक्स सकाळच्या तासाचाच लागतो.

त्यातच २०२५-२६ ला शासनानं परीक्षा पुन्हा चौथीकडे वळवायचं ठरवलं. त्या एका वर्षात पाचवीचीही घ्यायची आणि चौथीचीही. दोन तुकड्यांच्या झेरॉक्स, सतरंजी एकच. पालक खूश आहेत. शिष्यवृत्तीचे पाच हजार वर्षाला मिळतात; पूर्वी फार तर हजार होते. गुरुजींनी बोटांवर तासांचा हिशेब केला आणि अर्ध्यात सोडला.

संध्याकाळी थांब्यावर एस.टी.ची वाट बघत होतो. वहीतल्या सहांपैकी एक पोरगा सायकल ढकलत आला. फ्लेक्सवरची दुसरी मुलगी त्याची बहीण, आता हायस्कुलात. उन्हानं तिच्या हाराचा रंग उडालेला. "वाच बरं वरचं," मी सहज म्हणालो. त्यानं बोट वर धरलं. "शि..." पुढच्या जोडाक्षरापाशी बोट अडलं. दोनदा प्रयत्न केला, माझ्याकडे पाहिलं, मग ते बोट सरळ खाली उतरवलं आणि बहिणीचं नाव, बापाचं नाव, आडनाव, एका दमात वाचून टाकलं.