दुर्मिळ ग्रंथ व नकाशे : लिलावातील खरेदी आणि तिची पूर्वतयारी

धान्याला बाजारभाव असतो, जमिनीलाही ठरीव दर असतो. परंतु चारशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथाला किंवा नकाशाला कोणतेही दरपत्रक लागू पडत नाही. त्याची किंमत पुष्कळदा लिलावातच ठरते. गोव्यात छापलेले अथवा गोव्याविषयी लिहिलेले जुने ग्रंथ आणि गोव्याचे जुने नकाशे परदेशांतील लिलावांत अधूनमधून विक्रीस येतात. अशी वस्तू आपल्या संग्रही असावी असे ग्रंथालयांना, संग्रहालयांना व अभ्यासकांना वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, लिलावात पुकारली जाणारी किंमत आणि वस्तूचे खरे मोल या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद ओळखूनच खरेदीचा विचार करणे हिताचे असते.

किंमत कशी ठरते?

१८१२ साली लंडन येथे रॉक्सबर्गच्या ड्यूकचा ग्रंथसंग्रह लिलावात निघाला. त्यात बोकॅचिओ या इटालियन लेखकाच्या ‘डेकॅमेरॉन’ची १४७१ मध्ये व्हेनिस येथे छापलेली प्रत होती. अर्ल स्पेन्सर आणि मार्क्विस ऑफ ब्लँडफर्ड या दोन धनाढ्य संग्राहकांत तिच्यासाठी चढाओढ लागली व अखेर ब्लँडफर्ड यांनी ती २,२६० पौंडांना घेतली. सातच वर्षांनी, १८१९ मध्ये, ब्लँडफर्ड यांचा संग्रह विकला गेला. त्या वेळी त्याच प्रतीला सुमारे ९१८ पौंड आले आणि ती स्पेन्सर यांच्या संग्रहात दाखल झाली. आज ती मँचेस्टर येथील जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. ग्रंथ तोच, पानेही तीच. मात्र दुसऱ्या वेळी पहिल्यासारखी चढाओढ झाली नाही. लिलावातील किंमत ही त्या दिवसाची, त्या गिऱ्हाइकांची असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

लिलावाची पद्धत

लिलावापूर्वी विक्रीच्या वस्तूंची सूची प्रसिद्ध करण्यात येते. प्रत्येक वस्तूस अथवा गठ्ठ्यास क्रमांक, वर्णन आणि किमान व कमाल अशी अंदाजित किंमत दिलेली असते. याखेरीज विक्रेत्याने गुप्तपणे ठरविलेली एक राखीव किंमत असू शकते. बोली तेथवर न पोहोचल्यास वस्तू विकली जात नाही. खरेदीदाराला प्रत्यक्ष हजर राहून, दूरध्वनीवरून किंवा आगाऊ लेखी कळवून बोली लावता येते. हातोडा पडला की व्यवहार बंधनकारक होतो.

हातोडा पडताना पुकारलेली किंमत ही अखेरची देय रक्कम नव्हे. लिलावगृह खरेदीदाराकडून अधिमूल्य आकारते. मोठ्या लिलावगृहांत ते मूळ किमतीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही अधिक असते. म्हणजे १ लाख रुपयांना पुकारलेली वस्तू सव्वा लाखाच्या घरात जाते आणि त्यावर कर, वाहतूक व विमा यांचा खर्च वेगळा येतो. म्हणून संस्थेने सर्व खर्च धरून कमाल मर्यादा आधी ठरवावी, तिला मंजुरी घ्यावी आणि त्या मर्यादेपुढे एकही बोली लावू नये.

प्रत पूर्ण आहे काय?

जुन्या ग्रंथाचे मोल प्रत पूर्ण असण्यावर फार अवलंबून असते. एखादे पान, चित्र किंवा घडीचा नकाशा नाहीसा झाला असल्यास मोल झपाट्याने उतरते. म्हणून लिलावगृहाकडून वस्तूच्या स्थितीचा लेखी अहवाल मागवावा आणि एखाद्या मोठ्या ग्रंथालयातील पूर्ण प्रतीच्या वर्णनाशी तो पानागणिक ताडून पाहावा. ग्रंथात उणीव आढळल्यास काही लिलावगृहे ठराविक मुदतीत तो परत घेतात. परंतु नकाशे, नकाशासंग्रह व हस्तलिखिते यांना ही सवलत बहुधा लागू नसते. त्यामुळे अटी आधी वाचणे आवश्यक ठरते.

नकाशांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. डच प्रवासी लिन्स्कोटेन हा १५८३ पासून काही वर्षे गोव्याच्या आर्चबिशपांचा चिटणीस होता. त्याचे प्रवासवर्णन १५९६ मध्ये अॅम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. त्यातील गोवा शहराचा मोठा नकाशा विख्यात आहे. त्या ग्रंथाची अनेक भाषांतरे झाली आणि नकाशाही पुनःपुन्हा कोरला गेला. ब्राउन व होगेनबर्ग यांच्या १५७२ च्या नगरचित्रसंग्रहात दीव आणि गोवा ही शहरे एकाच पानावर आहेत. त्या पानाच्या मागील मजकूर कोणत्या भाषेत आहे यावरून ते कोणत्या आवृत्तीतील आहे हे कळू शकते. ताम्रपटाच्या कडांचा कागदावर उठलेला दाब, कागदातील जलचिन्ह व घड्यांच्या खुणा यांवरून मूळ छाप आणि नंतरची नक्कल यांतील भेद जाणकारांना ओळखता येतो. नकाशावरील रंग पुष्कळदा मागाहून भरलेले असतात.

मालकीचा पूर्वेतिहास

सुट्या नकाशाविषयी पहिला प्रश्न असा विचारावा की, तो कोणत्या ग्रंथातून आणि कोणी वेगळा केला? २००५ मध्ये एडवर्ड फोर्ब्स स्मायली हा अमेरिकन नकाशाव्यापारी येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात पकडला गेला. त्याच्याकडील पाते जमिनीवर पडलेले दिसल्यामुळे कर्मचाऱ्यांना संशय आला होता. पुढे त्याने विविध ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याचे कबूल केले आणि २००६ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्याने विकलेले नकाशे निर्धोक समजून घेणाऱ्यांनाही त्याची झळ पोहोचली. म्हणून ग्रंथालयाचा शिक्का खोडलेली, पानाची कड नव्याने कापलेली किंवा मागील मालकांविषयी मौन बाळगणारी वस्तू स्वस्तात मिळत असली तरी घेऊ नये.

भारतात १९७२ चा पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यविषयक मोल असलेली आणि ७५ वर्षांहून कमी नाहीत इतकी जुनी हस्तलिखिते व दस्तऐवज पुरावशेष ठरतात. इतर बहुतेक वस्तूंना ही मर्यादा १०० वर्षांची आहे. पुरावशेषांच्या व्यापारास परवाना लागतो. ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेण्यास मनाई आहे आणि त्याबद्दल ६ महिने ते ३ वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा सांगितली आहे.

सार्वजनिक खरेदीची उदाहरणे

२०१२ मध्ये महात्मा गांधी आणि त्यांचे दक्षिण आफ्रिकेतील स्नेही हर्मन कॅलनबाख यांच्यासंबंधीची कागदपत्रे लंडन येथे लिलावात निघणार होती. भारत सरकारने लिलावापूर्वीच बोलणी करून ती सुमारे ७ लाख पौंडांना घेतली आणि राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवली. चढाओढ टाळण्याचा हा एक मार्ग होय. दुसरा मार्ग महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये अनुसरला. नागपूरकर भोसले घराण्यातील पहिले रघुजी यांची तलवार मध्यस्थामार्फत लंडनच्या लिलावातून घेण्यात आली. वाहतूक व विमा धरून तिचा खर्च सुमारे ४७ लाख रुपये झाला.

लहान ग्रंथालयाला किंवा शाळेला असा खर्च झेपणारा नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. लिन्स्कोटेनच्या नकाशासारख्या अनेक नकाशांच्या स्पष्ट प्रतिमा जगातील मोठ्या ग्रंथालयांनी विनामूल्य उपलब्ध करून दिल्या आहेत. अध्यापनासाठी त्या पुरेशा आहेत.

गावातील दप्तरे

फादर स्टीफन्स यांचे मराठीतील ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्या शतकात ते पुन्हाही छापले गेले. परंतु त्या जुन्या छापील प्रती आज आढळत नाहीत. ग्रंथ टिकला तो हस्तलिखित प्रती जपल्या गेल्यामुळे. अशाच पोथ्या, मोडी कागदांचे रुमाल, देवस्थानांची दप्तरे आणि जुने जमीनविषयक आराखडे आजही अनेक घरांत आहेत. वाळवी, ओल आणि रद्दीचा तराजू हे त्यांचे तीन शत्रू होत. परदेशी लिलावात गेलेली वस्तू परत आणण्यास लाखो रुपये लागतात. घरातील दप्तर सांभाळण्यास कोरडी जागा, स्वच्छ सुती बासन आणि थोडी दक्षता पुरते.

ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते विकण्यापूर्वी किंवा टाकून देण्यापूर्वी राज्याच्या पुराभिलेख खात्याचा अथवा मध्यवर्ती ग्रंथालयाचा सल्ला घ्यावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने आपल्या गावातील अशा साहित्याची यादी करावी. मूळ कागद मालकाच्या हाती राहूनही त्यांची छायाप्रत व नोंद होऊ शकते, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे.