‘पड’ जमीन आणि वसाहतीचा हिशेब

वसाहत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गोऱ्या माणसांनी भरलेली जहाजे आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे किनारे उभे राहतात. हिंदुस्थानात इंग्रज आला तो राज्य करण्यास, संसार थाटण्यास नव्हे, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो; आणि ते बरोबरच आहे. परंतु वसाहत नुसत्या परक्या माणसांनी होत नाही. ती जमिनीविषयीच्या एका कल्पनेने होते. ही कल्पना खानदेशातही आली, आणि तिचा हिशेब आजच्या नंदुरबार जिल्ह्यात अद्याप पुरा झालेला नाही.

१८३४ साली ब्रिटिश पार्लमेंटने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीचा कायदा केला. तेथील भूमी पड आणि बिनवस्तीची आहे, असे त्याच्या प्रास्ताविकातच गृहीत धरले होते. हजारो वर्षे तेथे राहणारे मूळ लोक त्या वाक्यात नाहीतच! या वसाहतीमागील अर्थशास्त्र एडवर्ड गिबन वेकफिल्ड याचे. जमीन फुकट वाटू नये. तिची किंमत अशी ठेवावी की, इंग्लंडहून आलेल्या मजुराला ती लगेच घेता येऊ नये आणि काही वर्षे त्याने दुसऱ्याच्या शेतात राबावे, असे त्याचे म्हणणे. १८२९ साली स्थापन झालेल्या स्वान नदीच्या वसाहतीत टॉमस पील याने नेलेले मजूर त्याला सोडून गेले, हा दाखला वेकफिल्डने दिला. मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडाच्या शेवटच्या प्रकरणात त्यावरच बोट ठेवले. तात्पर्य, वसाहतीला दोन गोष्टी लागतात : बिनमालकीची ठरविलेली जमीन आणि जमीन नसलेला मजूर.

आता आपल्याकडे वळू. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या हाती आला, तेव्हा लढायांची धामधूम, पेंढाऱ्यांची लूट आणि दुष्काळ यांनी तो उजाड झाला होता. डोंगरातील भिल्लांना सरकारने आधी शस्त्राने नमविले, मग १८२५ पासून जेम्स औट्रमच्या भिल्ल पलटणीत भरती केले. काहींना नांगराला लावण्यासाठी तगाईही दिली. परंतु सरकारला हवा होता सारा. दप्तरी ‘पड’ नोंदलेली जमीन जो लागवडीस आणील, त्याला सवलत मिळू लागली. गुजर व अन्य शेतकरी कुटुंबांपैकी काही येथे पूर्वीपासून होती. त्यांत नव्यांची भर पडत गेली. पुढे जमिनीची मोजणी झाली, ती खातेदाराच्या नावे लागली, विकता आणि गहाण ठेवता येऊ लागली. १८६० नंतर अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचा भाव चढला आणि जमिनीला मोल आले. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते, त्याचा अंगठा कर्जखतावर उमटला. जमीन गेली आणि भिल्ल त्याच शेतावर सालदार झाला. वेकफिल्डला जे किमतीने साधावयाचे होते, ते येथे कर्जाने साधले.

शेतकऱ्यांच्या कष्टांना कमी लेखण्याचे येथे कारण नाही. शहादा-तळोद्याची काळी जमीन त्यांच्या घामाने पिकली. प्रश्न एवढाच की, ती खरोखर ‘पड’ होती काय? फिरती शेती, मोहाची फुले, चराई यांवर जगणाऱ्याच्या दृष्टीने ती वापरातील जमीन होती. सारा देणारी नव्हती, इतकेच.

हा प्रश्न १९७१ साली शहादा तालुक्यातील पाटीलवाडीच्या गोळीबाराने महाराष्ट्रापुढे आला. अंबरसिंग महाराज आणि पुढे श्रमिक संघटना यांच्या चळवळीने तो विधिमंडळापर्यंत पोहोचला. १९७४ च्या कायद्याने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद झाली. मात्र हिशेब धरला तो १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ एवढ्याच काळातील व्यवहारांचा. त्यापूर्वीच्या शंभर वर्षांत जे गेले, ते गेले.

ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९९२ मध्ये, माबो खटल्यात, भूमी कोणाचीच नव्हती हे तत्त्व नाकारले. दोनशे वर्षांनी का होईना. आपल्या संसदेनेही २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत आदिवासींवरील ऐतिहासिक अन्याय मान्य केला. या कायद्याच्या नियमांनुसार गावातील वडीलधाऱ्या माणसांचे लेखी निवेदनही पुराव्यात धरता येते. दीडशे वर्षे कागदानेच हरविलेल्या माणसाच्या दृष्टीने ही तरतूद लहान नव्हे.

२०११ च्या जनगणनेनुसार ज्या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, तेथे ती कागदावर राहणे परवडणारे नाही. दावा तपासणारा कारकून, तो लिहून देणारा शिक्षक किंवा विद्यार्थी आपल्यातलाच असतो. कागद नाही म्हणून हक्क नाही, असा शेरा मारण्यापूर्वी त्याने वृद्धांचे म्हणणे ऐकून नोंदवून घ्यावे. एका शेऱ्याने जमीन पड ठरली होती. दुसऱ्याने माणूस उपरा ठरू नये.