प्रतिशब्द पुरेसा नाही

महाबळेश्वरी हवा पालटण्यास जाणाऱ्या किती गृहस्थांस ठाऊक असेल की, मोल्सवर्थसाहेबांनी आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 साली तडीस नेणाऱ्या कँडीसाहेबांनी 1877 साली तेथेच देह ठेवला? परभाषेसाठी त्यांनी केलेले श्रम आमच्या व्यापारी बंधूंनी ध्यानी आणावे. इंग्रजी शब्दाचा नुसता प्रतिशब्द घोकणे घातक होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार, एवढेच जाणणारा करारपत्र काय समजणार? 1872 च्या करार कायद्यात त्याचा अर्थ मोबदला. ‘कन्सिडरेशनवाचून केलेला करार सामान्यतः रद्द होय’, हे एक वाक्य लिहून ठेवा. शब्द कायमचा आपला होईल. आधी व्याख्या, मग उदाहरण, आणि सही सर्वांत शेवटी!