पलटण, पोलीस आणि गिरणी : रोव्हर्स चषकाची हकिकत

१८९० साली पारशी क्रिकेटपटूंनी मुंबईच्या मैदानावर व्हर्नन यांच्या इंग्रज संघाला धूळ चारली. त्या विजयाची चर्चा शहरात चालू होती, त्याच वर्षी मुंबईतील काही फुटबॉलप्रेमी इंग्रज गृहस्थ एका निराळ्याच उद्योगात गढले होते, आणि त्याची दखल घ्यावी असे एतद्देशीय रहिवाशांना वाटण्याचे काही कारण नव्हते. कारण खेळणारे साहेब, खेळविणारे साहेब, आणि पाहणारेही बव्हंशी साहेबच, असा तो मामला होता. पुढल्या वर्षी, म्हणजे १८९१ साली, रोव्हर्स चषकाची पहिली स्पर्धा झाली आणि वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीने तो चषक आपल्या मेसमध्ये नेला. सिमल्याचा ड्युरँड चषक १८८८ सालचा, कलकत्त्याचा ट्रेड्स चषक १८८९ सालचा. त्यामुळे वयोमानाने हिंदुस्थानात रोव्हर्सचा मान तिसरा लागतो, आणि ज्या आय. एफ. ए. ढालीचे नाव बंगाल्यात आजही आदराने घेतले जाते ती त्याच्याहून दोन वर्षांनी धाकटी आहे. १९११ साली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाल्यावर या स्पर्धेचा कारभार तिच्या दप्तरी आला. आणि ओव्हल मैदानाशेजारचे कूपरेज हे तिचे कायमचे ठाणे होऊन बसले.

स्पर्धेची रीत बाद पद्धतीची. साखळी स्पर्धेत आज हरलेला संघ उद्याच्या सामन्यात आपली भरपाई करू शकतो. येथे ती सवलत नाही. एका दुपारी पाय घसरला, एखादा चेंडू खांबाला लागून परत आला, की वर्षाची मेहनत संपली आणि संघाने परतीच्या गाडीची तिकिटे काढावी, असा हा कठोर शिरस्ता आहे. अशा स्पर्धेसाठी कलकत्ता, बंगलोर किंवा सिकंदराबादेहून अकरा-पंधरा माणसे आठ-दहा दिवस मुंबईत मुक्कामाला आणावयाची म्हणजे त्यांच्या रजेचा, प्रवासखर्चाचा आणि जेवणाखाण्याचा भार कोणी तरी उचलला पाहिजे. खेळाडू तर नियमाप्रमाणे हौशी; खेळण्याबद्दल त्याने दिडकीही घ्यावयाची नाही. मग हा भार उचलणारा यजमान कोण? माझ्या मते रोव्हर्स चषकाचा सगळा इतिहास या एकाच प्रश्नाच्या बदलत्या उत्तरांत सामावलेला आहे, आणि विजेत्यांच्या यादीकडे त्या दृष्टीने पाहिले असता ती यादी क्रीडेची न राहता या देशातील चाकरीची जंत्री होऊन बसते.

प्रारंभीचे उत्तर सोपे होते. यजमान म्हणजे सरकारची फौज. गोऱ्या शिपायाला मुशाहिरा मिळे तो शिपाईगिरीचा. कवाईत आटोपल्यावर तो चेंडू खेळे, आणि रेजिमेंटची अब्रू राखण्यासाठी त्याचे वरिष्ठ त्याला सरावाची मोकळीकही देत. तो कागदोपत्री निखळ हौशी, आणि व्यवहारात मात्र ज्याचे अन्न, वस्त्र, निवारा व औषधपाणी सरकारने पाहिले आहे असा पूर्णवेळ खेळाडू! त्याच्यासमोर मुलकी संघ, मग तो गोऱ्यांचा असो की काळ्यांचा, टिकाव धरू शकत नसे यात नवल नाही. जवळजवळ अर्धे शतक हा चषक एका पलटणीच्या हातून दुसरीच्या हाती जात राहिला. त्या नामावळीत आपल्याला आज रस वाटावा असे थोडे आहे, म्हणून ती येथे गाळतो.

१९११ साली कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे नमवून आय. एफ. ए. ढाल जिंकली. त्या संघातील एक सुधीर चटर्जी सोडले तर बाकी सारे अनवाणी खेळले होते, आणि त्या विजयाने बंगालच्या स्वाभिमानाला जी उभारी मिळाली तिचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. परंतु मुंबईच्या चषकापर्यंत ती लाट पोहोचण्यास आणखी काही काळ जावा लागला. १९२३ साली हाच मोहन बागान रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत आला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून ४-१ असा हरला. पुढे चौदा वर्षांनी, १९३७ साली, गोऱ्या पलटणींचा जो कोट अखेर ढासळला तो ज्यांच्या नावाचा बोलबाला आजच्या वाचकाच्या कानी क्वचितच आला असेल अशा बंगलोर मुस्लिम्स या संघाने ढासळविला. अंतिम सामन्यात त्यांनी हरविले ते गोऱ्यांना नव्हे, तर ज्यांनी कलकत्त्याच्या लीगमध्ये लागोपाठ विजयांचा सपाटा लावला होता त्या मोहमेडन स्पोर्टिंगला. म्हणजे पहिला एतद्देशीय विजेता ज्या वर्षी ठरला त्या वर्षी अंतिम फेरीतील दोन्ही संघ एतद्देशीयच होते; नाट्यमयतेची ज्यांना हौस आहे त्यांचा यामुळे थोडा हिरमोड होईल, पण इतिहास आपल्या सोयीने घडत नाही. बंगलोरकरांनी पुढल्या वर्षी चषक राखला. १९४० साली मोहमेडन स्पोर्टिंगने रोव्हर्स आणि ड्युरँड हे दोन्ही चषक एकाच वर्षात पटकाविले. आणि १९४२ साली, ज्या देशातील उत्तमोत्तम खेळाडू अजून अनवाणी खेळत होते त्या देशात, हा चषक बाटा या जोडे करणाऱ्या कंपनीच्या संघाने जिंकला!

स्वातंत्र्यानंतर फौजेच्या जागी कोण येणार याचे उत्तर आले ते हैदराबादेहून. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस या संघाने रोव्हर्स चषक दुसऱ्या कोणास शिवू दिला नाही. निजामाचे संस्थान भारतात विलीन होऊन जेमतेम दोन वर्षे लोटली होती. त्या शहराचे नाव देशभर ज्या कारणांनी घेतले जात होते त्यांत अभिमानाची कारणे थोडी होती, आणि नेमक्या त्या वेळी त्याच्या पोलीस दलातील शिपाई-जमादारांनी मुंबईत येऊन कलकत्त्याच्या मातब्बर क्लबांना खेळ शिकवावा, ही गोष्ट साधी नव्हे.

या संघामागे सय्यद अब्दुल रहीम हा पुरुष होता. पेशाने शाळामास्तर, १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचा चिटणीस, आणि १९५० पासून या पोलीस संघाचा गुरू. मास्तरांची शिकविण्याची तऱ्हा ऐकण्यासारखी आहे. आपल्याकडील खेळाडूला चेंडू पायात घोळवीत एकट्यानेच तीन-चार जणांना चकविण्याचा भारी सोस. तो मोडावा म्हणून त्यांनी असे सामने लावले की ज्यांत चेंडू घोळविण्यास मुळी मनाईच होती, आला चेंडू की लगेच सोबत्याकडे देणे भाग. दुसरे सामने असे की ज्यांत प्रत्येकाने आपल्या दुबळ्या पायानेच खेळावयाचे. उजव्या पायाने तोफेसारखा फटका मारणारा गडी या सामन्यात डावा पाय उचलताना कसा अवघडत असेल, प्रेक्षक कसे हसत असतील, याची कल्पना करावी. परंतु काही महिन्यांनी त्याच गड्याला कोणत्याही बाजूने आलेला चेंडू सारखाच सोपा वाटू लागे, आणि मग हसण्याची पाळी दुसऱ्याची असे. अझीझुद्दीन, नूर महंमद यांच्यासारखे खेळाडू याच शाळेत घडले. रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ साली आशियाई सुवर्णपदक मिळविले, आणि १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. १९६२ च्या विजयानंतर वर्षभराच्या आतच, १९६३ साली, कर्करोगाने त्यांचा अंत झाला. पोलीस संघाने १९५७ साली पुन्हा रोव्हर्स जिंकला होता, व राज्य पुनर्रचनेनंतर आंध्र पोलीस या नव्या नावानेही चषकावर त्याचे नाव कोरले गेले. तथापि मास्तर गेले आणि हैदराबादच्या खेळाचा तो बहर ओसरला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

मुंबईकरांना स्वतःच्या अंगणातला हा चषक दीर्घकाळ दुरूनच पाहावा लागला. तो १९५८ साली जिंकला तो कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघाने, आणि १९६५ साली मफतलाल गिरणीच्या संघाने. येथे यजमानाची तिसरी जात दिसते. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून वा बांद्रा-माहीमच्या ख्रिस्ती वस्त्यांतून आलेला तरुण कूपरेजवर चांगला खेळला, की टाटा, कॅलटेक्स, रेल्वे किंवा एखादी गिरणी त्याला कारकुनाची अथवा खात्यातील एखादी जागा देई. हजेरीपटावर सही केली की दुपारी सरावाला जाण्याची मुभा, आणि खेळण्याचे वय सरल्यावरही निवृत्तीपर्यंत पगार चालू. नेव्हिल डिसोझा हे गोव्याच्या आसगावचे, टाटा आणि कॅलटेक्स या कंपन्यांकडून खेळलेले. मेलबर्नला त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल केले, आणि ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. ऑलिंपिक त्या काळी कडक हौशी नियमांचे. कंपनीच्या पगारपत्रकावर नाव असल्यामुळेच त्यांचे हौशीपण अबाधित राहिले, हा व्यवहारातील विरोधाभास नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आला नसेल असे नाही, पण त्याकडे डोळेझाक करण्यात सर्वांचेच हित होते. मला स्वतःला या व्यवस्थेत ढोंगापेक्षा माणुसकी अधिक दिसते. गुडघा मोडला म्हणून त्या काळी कोणा खेळाडूची चूल विझत नसे.

कलकत्त्याच्या क्लबांची कथा निराळी, कारण त्यांच्यामागे कंपनी नव्हती, पण लक्षावधी माणसांचा लोभ होता. ईस्ट बंगालने १९४९ साली लीग, ढाल व रोव्हर्स अशी तिहेरी किमया केली. मोहन बागानला प्रथम यश लाभले ते १९५५ साली, आणि पुढे हा चषक सर्वांत अधिक वेळा त्यानेच नेला. १९७४ साली डेम्पो हा चषक जिंकणारा पहिला गोमंतकीय क्लब ठरला. तोही खाणमालकांच्या आश्रयाचा, म्हणजे पुन्हा एक यजमानच.

उतरती कळा लागली ती चषकाला नव्हे, प्रथम यजमानांना. १९७६ साली कॅलटेक्सचे राष्ट्रीयीकरण होऊन ते नावच या देशातून गेले. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाने गिरणगावाचे जे झाले ते सर्वश्रुत आहे; जेथे भोंगाच बंद पडला तेथे फुटबॉलच्या संघाचा हिशेब कोण मांडत बसणार? इकडे १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली, खेळाडू करारपत्रावर सह्या करून उघडपणे पैसे घेऊ लागले, आणि वर्षाचे महिने लीगने आधीच वाटून घेतल्यामुळे जुन्या चषकांना उरलेसुरले आठवडे मिळू लागले. २०००-०१ च्या हंगामात मोहन बागानने जिंकलेला रोव्हर्स चषक हा अखेरचा. स्पर्धा बरखास्त झाल्याचा मोठा गाजावाजा झाला नाही. पुढल्या वर्षी ती भरली नाही, त्याच्या पुढल्या वर्षीही नाही, आणि लोकांना सवय झाली.

ड्युरँड मात्र अद्याप चालू आहे, कारण त्याचा यजमान, म्हणजे फौज, जागेवर आहे. २०१९ साली ती स्पर्धा कलकत्त्यास आली. आणि ज्यांना वाटते की यजमानावाचून फुटबॉल जगूच शकत नाही, त्यांनी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जाऊन पाहावे. तेथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही पेठांची आणि तालमींची मंडळे परस्परांशी अशा ईर्ष्येने झुंजतात की गल्लीतले वडीलधारेही सामन्याच्या दिवशी घरी सापडत नाहीत. तेथे संघ कंपनीचा नसून पेठेचा असतो, आणि पेठ दिवाळे काढीत नाही. मुंबईपाशी पेठा नव्हत्या, कार्यालये होती. रोव्हर्स चषक त्यांच्या बळावर उभा राहिला आणि त्यांच्याबरोबरच गेला. त्याचे पुनरुज्जीवन करावे अशी मागणी अधूनमधून होत असते. ती करणाऱ्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे. परंतु जोवर मुंबईतील कोणी तरी अकरा माणसांना खेळासाठी नोकरीवर ठेवण्यास राजी होत नाही, तोवर नुसता चषक घासून-पुसून बाहेर काढण्याने काही साधणार नाही.