आधीच आलेलं पुन्हा का मागवायचं?

शिराळा तालुक्याच्या दक्षिणेला वारणा वाहते, नदीपलीकडे वारणानगर. तिथल्या सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने 1998 साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प उभा राहिला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे 70 गावं संगणकाने जोडायची आणि शेतकऱ्याला आपल्या उसाची माहिती गावातच मिळवून द्यायची, असा बेत होता. पण गावोगावचे संगणक चालते ठेवणं सोपं नव्हतं. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइल वापरून पाहिला. एसएमएस पाठवला की वारणानगरच्या संगणकाकडून उत्तर यायचं. प्रश्न ठरावीक, उत्तर दोन ओळींचं. त्याला जाड लाइन लागतच नव्हती.

कॉलेजच्या आवारात वेब कॅशे बसवतानाही आधी हेच पाहावं लागतं: लोक नेमकं काय मागतात, आणि त्यातलं पुन्हा पुन्हा किती?

1996 पासून वेब कॅशेसाठी 'स्क्विड' हे मुक्त सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. विद्यार्थ्याचा ब्राउझर थेट बाहेर न जाता प्रॉक्सीला, म्हणजे स्क्विड चालवणाऱ्या मधल्या संगणकाला, विचारतो. ताजी प्रत जवळ असली तर प्रॉक्सी ती लगेच देतो (हीच 'हिट'), नसली तर बाहेरून आणून देतो आणि एक प्रत ठेवून घेतो. जागा भरली की बरेच दिवस कुणी न मागितलेल्या फायली आधी निघतात.

खरी गोम आकड्यांत आहे. स्क्विडच्या मूळ सेटिंगमध्ये 4 एमबीपेक्षा मोठी फाइल डिस्कवर साठवलीच जात नाही. त्यामुळे चिन्हं-चित्रांच्या 'हिट' भरपूर दिसतात, पण लाइनवरचा भार हलत नाही. म्हणून हिट मोजण्यापेक्षा वाचवलेले बाइट मोजावेत. रॅमचंही तसंच. 64 बिट यंत्रावर डिस्कवरच्या प्रत्येक जीबी कॅशेमागे साधारण 14 एमबी रॅम नुसत्या सूचीलाच लागते. म्हणजे 500 जीबीला 7 जीबी! स्वस्त डिस्क घेऊन रॅममध्ये काटकसर केली की यंत्र रखडणारच.

आता बहुतेक संकेतस्थळं एचटीटीपीएसवर आहेत. प्रॉक्सीला स्थळाचं नाव कळतं, आतला मजकूर नाही, म्हणून तो साठवताही येत नाही. विद्यार्थ्यांच्या यंत्रांत कॉलेजचं डिजिटल प्रमाणपत्र घालून तो उघडता येतो, पण माझा त्याला ठाम विरोध आहे. त्याच वाटेने बँकेचे पासवर्डही जातात.

त्यापेक्षा लागणारी सामग्रीच आवारात आणून ठेवावी. आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्यूटोरियल' मराठीतही आहेत आणि इंटरनेटशिवाय चालतात. 'किविक्स'मुळे विकिपीडियाही स्थानिक सर्व्हरवर ठेवता येतो. उबंटूची पॅकेजेस आजही साध्या एचटीटीपीवरून मिळतात. त्यांची शहानिशा डिजिटल सहीवरून होत असल्याने ती साठवायला धोका नाही. प्रयोगशाळेतल्या 40 संगणकांनी एकाच सकाळी 500 एमबीचं अपडेट मागितलं तर 20 जीबी लागतात. कॅशे असेल आणि फाइलची मर्यादा वाढवलेली असेल तर बाहेरून अर्धाच जीबी येतो, आणि उरलेल्या लाइनवर शेजारच्या वर्गाचा ऑनलाइन तास न अडखळता चालतो.