‘लोकेशन बंद का केलंस?’

चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी गाडी अडकली की ती कधी सुटेल याचा भरवसा नसतो. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. भोसरी-मोशीकडून सुट्ट्या भागांचे टेम्पो येतात, तळेगावकडून कंटेनर येतात आणि मधूनच पहिल्या पाळीच्या कंपनीच्या बसगाड्या वाट काढत असतात. छोट्या हत्तीत, म्हणजे टाटा एसमध्ये डोकावून पाहा. काचेला चिकटवलेल्या स्टँडवर ड्रायव्हरचा स्वतःचा फोन असतो आणि त्या फोनमध्ये ट्रान्सपोर्टवाल्याचं ट्रॅकिंग ॲप. तिकडे ऑफिसातला सुपरवायझर नकाशावरचा ठिपका पाहत बसलेला असतो. ठिपका मोशीला थबकला आणि अर्धा तास हललाच नाही की फोन वाजतो, ‘लोकेशन बंद का केलंस रे?’ ड्रायव्हर सांगतो, ‘साहेब, मी हातसुद्धा लावला नाही.’

तो खरं बोलत असण्याची शक्यता सुपरवायझरला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त आहे. आपण पडदा बंद केल्यावर फोनमध्ये नेमकं काय चालतं, हे ठाऊक असल्याशिवाय या भांडणाचा निवाडा होत नाही. आणि या पट्ट्यात त्या निवाड्यावर लोकांचा पगार अवलंबून असतो.

आकुर्डीची बजाज आणि पिंपरीची टेल्को या साठच्या दशकातल्या कारखान्यांभोवती भोसरीची लहान वर्कशॉप वाढली. पुढे चाकणला बजाजचा नवा प्रकल्प आला, 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, पाठोपाठ महिंद्रा आली. या कंपन्या महिन्याभराचा माल गोदामात भरून ठेवत नाहीत. सीट, बंपर, वायरिंग लागेल तसं, लागेल तेव्हा गेटवर यायला हवं. गाडी उशिरा आली तर लाइन थांबण्याची भीती असते, म्हणून ‘गाडी आत्ता कुठे आहे’ या प्रश्नाला इथे पैशांइतकी किंमत आहे. मोठ्या गाड्यांना वेगळं जीपीएस यंत्र बसवलेलं असतं. लहान टेम्पोला, रोजच्या भाड्याने लावलेल्या गाडीला, डिलिव्हरीच्या दुचाकीला ते काम ड्रायव्हरच्या फोनवर ढकललं जातं.

फोन मात्र या कामासाठी बनवलेला नाही. त्याची रचना करणाऱ्यांपुढे बॅटरी वाचवायची कशी, हा प्रश्न सुरुवातीपासून आहे. तुम्ही ॲप उघडून पाहत असता तोवर त्याला सगळ्या सवलती असतात. ते मागे गेलं, पडदा बंद झाला, की त्याच्याकडे संशयाने पाहिलं जातं. ॲपलने आयफोनवर बाहेरच्या ॲपना मागे राहून काम करू दिलं तेच 2010 मध्ये, तेही संगीत, इंटरनेटवरचे कॉल, लोकेशन अशा मोजक्या कारणांसाठी. अँड्रॉइड सुरुवातीला सढळ होतं. कोणतंही ॲप मागे हवा तेवढा वेळ चालायचं आणि दुपारपर्यंत बॅटरी संपायची. 2015 साली आलेल्या अँड्रॉइड 6 पासून लगाम आवळायला सुरुवात झाली. फोन चार्जरला नाही, पडदा बंद आहे आणि तो एका जागी पडून आहे असं दिसलं की तो ‘डोझ’ या अवस्थेत जातो. मग ॲपना इंटरनेट सतत मिळत नाही, अधूनमधून थोडा वेळ मिळतं. आपल्याकडे पाणी ठरलेल्या वेळी सुटतं आणि तेवढ्यात प्रत्येकाने भरून घ्यायचं असतं, तसाच हा प्रकार आहे. फोन जितका जास्त वेळ पडून राहील, तितक्या या वेळा लांबत जातात. पुढच्याच वर्षी खिशात हलणाऱ्या फोनलाही याची सौम्य आवृत्ती लागू झाली.

यातली चार्जरची अट ड्रायव्हरच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. फोन चार्जिंगला असेल तर डोझ लागत नाही. पण टेम्पोतल्या लायटरच्या खोबणीत बसवलेला चार्जर खड्ड्यात आदळून ढिला होतो. वायर दिसायला जागेवरच असते, वीज मात्र पोचत नसते. बॅटरी उतरते, बॅटरी सेव्हर आपोआप सुरू होतो आणि अनेक फोनमध्ये त्या स्थितीत पडदा बंद असेल तर लोकेशन मिळणंच थांबतं. ठिपका मोशीला गोठतो. ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात.

2017 च्या अँड्रॉइड 8 ने आणखी कडक नियम आणला. मागे गेलेल्या साध्या ॲपला लोकेशन तासातून फक्त काही वेळा मिळेल आणि त्याची मागची कामं थोड्याच मिनिटांत थांबवली जातील. सतत लोकेशन हवं असेल तर ॲपने वापरणाऱ्याला दिसेल अशी सूचना वरच्या पट्टीत ठेवायची, ‘ट्रिप चालू आहे’ अशी. मी हा नियम फार चांगला मानतो. कुणी आपल्यावर नजर ठेवत असेल तर ते आपल्याला समोर दिसलं पाहिजे. 2019 मध्ये लोकेशनची परवानगीही दोन भागांत वाटली गेली, ॲप वापरत असतानाची आणि कायमची. पुढच्या वर्षीपासून ही कायमची परवानगी ॲपच्या पहिल्याच प्रश्नात देता येईनाशी झाली, त्यासाठी सेटिंगमध्ये जावं लागतं. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नव्या ड्रायव्हरच्या हातातून फोन घेऊन भराभर बटणं दाबली जातात, त्यात हीच पायरी राहून जाते. मग गाडी निघाल्यावर पडदा बंद झाला की ठिपका गायब होतो.

गुगलच्या या नियमांच्या वर फोन कंपन्यांचे स्वतःचे नियम असतात. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी यांच्या फोनमध्ये ॲपने आपोआप सुरू व्हावं की नाही आणि मागे किती बॅटरी वापरावी, याची वेगळी सेटिंग आहेत. ती प्रत्येक कंपनीत वेगळ्या जागी आणि वेगळ्या नावाने सापडतात. काही फोनमध्ये अलीकडच्या ॲपच्या यादीतून ॲप वर सरकवून टाकलं की त्याचं मागचं कामही मरतं. ‘रॅम साफ करायची’ सवय असलेला माणूस दिवसातून अनेकदा हे करतो, यात लबाडी नसते. सेटिंगमधून ‘फोर्स स्टॉप’ केलं असेल, तर ते ॲप पुन्हा हाताने उघडेपर्यंत काहीच करत नाही.

भोसरीत, हिंजवडीत असली ॲप बनवणारी मुलं आहेत. त्यांच्यासाठी थोडं तपशिलात सांगतो. मागच्या कामांचे दोन प्रकार ओळखा. चलानचा फोटो, माल उतरवल्याची पावती, दिवसाचा हिशोब हे पाच मिनिटांनी पोचलं तरी चालतं. अशा कामांसाठी अँड्रॉइडमध्ये वर्कमॅनेजर आहे. काम त्याच्याकडे नोंदवून ठेवलं की नेट आल्यावर तो ते करतो, फोन बंद होऊन पुन्हा चालू झाला तरी विसरत नाही. ठरावीक अंतराने करायचं काम मात्र तो पंधरा मिनिटांपेक्षा जवळजवळ करत नाही, म्हणून चालत्या गाडीच्या ठिपक्यासाठी तो चुकीचा आहे. तिथे दिसणारी सूचना ठेवून चालणारी फोरग्राउंड सर्व्हिसच लागते. अँड्रॉइड 14 पासून ती कशासाठी आहे, हेही आधी जाहीर करावं लागतं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे लोकेशनचे बिंदू आधी फोनमध्येच वेळेसकट साठवा आणि नेट मिळेल तेव्हा एकदम पाठवा. पत्र्याच्या मोठ्या शेडखाली उपग्रहाचा संदेश क्षीण होतो, घाटात टॉवर जातो. साठवलेले बिंदू मागाहून आले की गाडी कुठून कशी गेली ते कळतं आणि ड्रायव्हरचा खरेपणाही. तसंच गाडी उभी असताना दर पाच सेकंदांना लोकेशन मागू नका. ती बॅटरी ड्रायव्हरच्या पैशाची आहे.

स्मार्टफोन नसलेल्या ड्रायव्हरसाठी सिमवरून माग काढण्याची सोय वाहतूक धंद्यात आहे. ड्रायव्हरने मेसेजवर संमती दिली की मोबाइल कंपनी टॉवरच्या आधारे त्याची जागा सांगते. ॲप नको, बॅटरीची चिंता नाही. पण टॉवरवरून काढलेली जागा बरीच ढोबळ असते. त्या ठिपक्यावरून ‘गेटबाहेर उभा होतास’ म्हणणं अन्याय आहे.

यातली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट तांत्रिक नाही. ट्रिप संपल्यावर ठिपका बंद होतो का? रात्री निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत गाडी लावून ड्रायव्हर घरी जातो, फोन त्याच्याबरोबर जातो. कायमची परवानगी दिलेलं ॲप नीट बनवलेलं नसेल तर तो जेवायला कुठे गेला, दवाखान्यात किती वेळ होता, युनियनच्या बैठकीला बसला का, हे सगळं कुणाच्या तरी पडद्यावर राहतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. जुलै 2024 मध्ये याच न्यायालयाने असंही ठरवलं की आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट जामिनासाठी घालता येणार नाही. गुन्ह्याचा आरोप असलेल्या माणसाला जे संरक्षण आहे, ते बंपर पोचवणाऱ्या माणसाला कामाच्या वेळेनंतर नसावं, हे मला पटत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाट ठेवली आहे. ती वाट किती रुंद मानायची, यावर कामगार संघटनांनी आत्ताच बोललं पाहिजे.

ट्रान्सपोर्टच्या मालकांना आणि सुपरवायझरना माझी कळकळीची विनंती आहे. ठिपका थांबला म्हणून पैसे कापण्याआधी फोन हातात घ्या आणि चार गोष्टी पाहा: लोकेशनची परवानगी कोणती आहे, बॅटरी सेव्हर चालू आहे का, ॲपला मागे चालायची मुभा आहे का, चार्जर खरंच चार्ज करतो का. चांगला चार्जर आणि महिन्याचं रिचार्ज ऑफिसने द्यावं. तुमच्या कामासाठी फोन झिजतो, तर खर्चही तुमचाच. आणि ड्रायव्हर, डिलिव्हरी करणारी मुलं, ॲपवर हजेरी लावणारे कंत्राटी कामगार, तुम्ही सर्वांनी आज रात्री फोनच्या सेटिंगमध्ये लोकेशनच्या परवानग्यांची यादी उघडा. ‘नेहमी’ या रकान्यात ज्या ॲपची नावं दिसतील, त्यातल्या प्रत्येकाला ती परवानगी का दिली, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल, तर ती काढून घ्या. फोन तुमचा आहे.